वर्ष वाया गेलं, म्हणजे नेमकं काय गेलं?

मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश माध्यमिक शिक्षा मंडळाचे निकाल लागले, तेव्हा नियमित विद्यार्थ्यांपैकी दहावीत ७६.२२ टक्के आणि बारावीत ७४.४८ टक्के मुलं उत्तीर्ण झाली. निकाल चांगला लागला म्हणून सगळीकडे समाधान होतं आणि ते योग्यच होतं. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की दर चार मुलांमागे जवळजवळ एक मूल त्या दिवशी नापास होऊन घरी बसलं होतं. धार आणि देवासमध्ये आपल्या समाजाची घरं मोजकी आहेत आणि बहुतेक एकमेकांना ओळखतात. त्यामुळे कोणाच्या घरी पेढे वाटले गेले आणि कोणाच्या घरी फोन उचलला गेला नाही, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

त्याच वर्षी मंडळाने एक मोठा बदल केला. पूरक परीक्षा बंद झाली आणि तिच्या जागी जून २०२५ मध्ये दुसरी मुख्य परीक्षा घेतली गेली. नापास झालेल्या मुलांना ती देता आलीच, शिवाय गुण वाढवायची इच्छा असलेल्या उत्तीर्ण मुलांसाठीही ती खुली होती. सीबीएसईनेही २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घ्यायचं ठरवलं आहे. २०१६ पासून आपल्या राज्यात ‘रुक जाना नहीं’ ही योजना आहेच, तिच्यात राज्य मुक्त शाळेमार्फत नापास मुलांना पुन्हा परीक्षा देता येते. म्हणजे एका दिवशी, एका पेपरात मुलाचं भवितव्य ठरू नये ही गोष्ट सरकारने आणि मंडळांनी मान्य केली आहे. घरांनी ती मान्य केली आहे का, हा या लेखाचा विषय आहे.

दुसऱ्या परीक्षेबद्दल माझं मत थोडं सावध आहे. जे मूल गणितात अडकलं, त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. महिन्या-दीड महिन्यात पुन्हा बसता येतं, अकरावी लांबत नाही आणि वर्गातल्या मित्रांची साथ सुटत नाही. मात्र ८८ टक्के मिळवलेल्या मुलीला ‘जूनमध्ये पुन्हा बस, ९२ होतील’ असं म्हणणारे पालकही दिसू लागले आहेत. मग मे महिन्याची सुट्टी गेली, मामाकडे जाणं गेलं, आंबे खात लोळणं गेलं, आणि वर्षातून एकदा येणारी परीक्षा पाच महिने घरात मुक्कामाला राहिली. ओझं कमी करण्यासाठी आणलेली सोय ओझं वाढवायला कशी वापरायची, यात आपण मध्यमवर्गीय पालक भलतेच हुशार आहोत. गुण वाढवायचे की नाहीत हे मुलीला विचारावं, आणि तिने ‘नको’ म्हटलं तर तो विषय तिथेच सोडावा.

लहान मुलांच्या पालकांनाही हे लागू आहे. काही वर्षांपासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीची परीक्षा पुन्हा बोर्डाच्या पद्धतीने होऊ लागली आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘बोर्ड’ हा शब्द येतो, तेव्हा त्याला त्यातलं फारसं काही कळत नसतं. आईबाबांच्या आवाजातली भीती मात्र नीट कळते.

न्यायालयाने काय सांगितलं

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने एक निकाल दिला. विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला आणि त्याबरोबरच देशभरातल्या शाळा, महाविद्यालयं, कोचिंग संस्था आणि वसतिगृहांसाठी पंधरा निर्देश दिले. मानसिक आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असंही स्पष्टपणे म्हटलं. या विषयावर कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत.

त्यातले काही आपल्या कामाचे आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी ठरवून ठेवलेला संबंध हवा. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही. मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळक जागी लावायचे. शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. आणि पालकांसाठीही नियमितपणे कार्यक्रम घ्यायचे, कारण मुलावरचा दाब शाळेच्या फाटकाबाहेरही असतो हे न्यायालयाला ठाऊक आहे.

आता देवास किंवा धारमधल्या किती शाळांत असा समुपदेशक आहे? प्रत्येक पालकाने आपापल्या शाळेत विचारलं तरच हे कळेल. पुढच्या पालक-शिक्षक सभेत गुणपत्रिका हातात घेऊन ‘इंग्लिशमध्ये मागे का पडतोय’ हे तर आपण विचारतोच. त्याबरोबर ‘शाळेचा समुपदेशक कोण, तो कोणत्या दिवशी भेटतो, मुलाला त्याच्याकडे परवानगी न घेता जाता येतं का’ हेही विचारावं. इंदूरच्या कोचिंगसाठी पैसे भरतानाही हाच प्रश्न विचारता येतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग संस्थांनी प्रवेशच द्यायचा नाही. आठवीतल्या मुलाला ‘फाउंडेशन बॅच’मध्ये घालायला निघालेल्या पालकांनी हे वाक्य एकदा शांतपणे वाचावं.

देवासहून इंदूर जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे, धारहून साठच्या आसपास. देवासची बरीच मुलं रोज बसने जातात-येतात, धारची काही भंवरकुआंच्या आसपास खोली घेऊन राहतात. रोजचे येण्याजाण्याचे दोन-तीन तास, त्यावर शाळा, त्यावर कोचिंगचा गृहपाठ. असं मूल रात्री साडेनऊला घरात पाय टाकतं तेव्हा आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, हे एकदा आठवून पाहा. बहुधा तो ‘आज टेस्ट होती ना?’ हा असतो.

आकडे आणि त्यांच्या आतली घरं

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. महाराष्ट्र, तमिळनाडू आणि मध्य प्रदेश ही तीन राज्यं या यादीत सर्वात वर होती. आपली मुळं एका राज्यात आणि घरं दुसऱ्या राज्यात. ही दोन्ही राज्यं या यादीच्या माथ्यावर आहेत, हे आपण डोळ्यांआड करू नये.

या अहवालात कारणांचा तक्ताही असतो. सर्व वयांचा मिळून विचार केला तर २०२२ मध्ये सर्वात मोठं नोंदलेलं कारण ‘कौटुंबिक समस्या’ हे होतं, ३१.७ टक्के. परीक्षेतल्या अपयशाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत. पोलिसांच्या नोंदीत एकाच कारणावर खूण करावी लागते आणि प्रत्यक्षात माणसाचं दुःख एका रकान्यात बसत नाही, त्यामुळे या तक्त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. तरी एक गोष्ट दिसते. अपयश आल्यावर मूल कोणत्या घरात परत येतं, याला फार महत्त्व आहे. नापास झालेली हजारो मुलं जेवून झोपतात आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा अभ्यासाला लागतात. त्यांच्या घरात त्या संध्याकाळी काहीतरी बरं बोललं गेलेलं असतं, किंवा निदान काही वाईट बोललं गेलेलं नसतं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेश हे निवडलेल्या बारा राज्यांपैकी एक होतं. त्यात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला होता. चाळीस मुलांच्या वर्गात हे प्रमाण तीन मुलांचं होतं. ती तीन मुलं वेडी नसतात, कमकुवतही नसतात. ज्या वर्गात दोन मुलांना दमा आहे, त्याच वर्गात या तिघांना उदासी किंवा चिंतेचा त्रास आहे, एवढंच. दम्याच्या मुलाला आपण ‘नीट श्वास घे, नाटकं करू नकोस’ असं म्हणत नाही.

चिडचिड, हट्ट आणि घुमेपणा

मुलांच्या वागण्यासाठी मराठीत शब्दांची कमी नाही. हट्ट, रुसवा, लाडावणं, चिडचिड, घुमेपणा, उद्धटपणा, आळस. यातला प्रत्येक शब्द मूल काय करतं हे सांगतो. ते तसं का करतं, हे मात्र एकही सांगत नाही. मोठ्यांची उदासी रडण्यातून, गप्प बसण्यातून दिसते. मुलांमध्ये आणि विशेषतः किशोरांमध्ये ती पुष्कळदा चिडचिडीतून बाहेर येते. सातवीतला मुलगा आईवर ओरडतो, दार आपटतो, ‘मला काही विचारू नका’ म्हणतो. आपण त्याला उद्धट ठरवतो आणि त्याच्या बाबांच्या हवाली करतो. बाबा बँक नोट प्रेसच्या किंवा पीथमपूरच्या एखाद्या कारखान्याच्या शिफ्टवरून थकून आलेले असतात. पुढचं सांगायला नको.

एखाद-दुसऱ्या दिवसाच्या चिडचिडीने घाबरून जायचं कारण नाही. तेवढी प्रत्येक घरात असते. काळजी करायची ती बदल टिकला तर. दोन आठवडे उलटून गेले तरी झोप बिघडलेली, जेवण कमी किंवा एकदम जास्त, खेळायला जाणं बंद, जिवलग मैत्रिणीचा फोनही घ्यायचा नाही, शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला सुरुवात. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ यासारखं वाक्य थट्टेत आलं तरी ते थट्टेवारी नेऊ नये. अशा वेळी सरळ विचारावं: ‘तुला कधी जीव नकोसा वाटतो का?’ विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार येतो, ही भीती खोटी आहे. उलट कोणीतरी विचारलं याने मुलाला हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्या रात्री मुलाला एकटं ठेवू नये आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. उपदेश नंतर करता येईल. न केला तरी चालेल.

दुःख कोणत्या भाषेत सांगायचं?

हा प्रश्न पुण्या-नाशिकच्या पालकांना पडत नाही, आपल्याला पडतो. आपली मुलं घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी अशी तिन्ही भाषांत वावरतात. मराठी टिकावी म्हणून आपण झटतो, ते बरोबरच आहे. पण ही घटना आपल्यापैकी अनेकांच्या घरात घडलेली असेल: मुलगी शाळेतून येते, दप्तर टाकते आणि आजीला सांगू लागते, ‘आजी, आज सब लोग मेरेपे हँस रहे थे’. आजी प्रेमानेच म्हणते, ‘मराठीत सांग बरं.’ मुलगी क्षणभर थांबते आणि ‘काही नाही’ म्हणून आत निघून जाते.

ज्या भाषेत अपमान झाला त्याच भाषेत तो आठवतो. वर्गातली थट्टा हिंदीत झाली, तर मुलगी ती हिंदीतच सांगणार. त्या वेळी तिला भाषा बदलायला लावणं म्हणजे तिच्या हातातली गोष्ट काढून घेणं आहे. मराठीचे संस्कार करायला दिवसाचे बाकीचे तास आहेत. ‘मी येऊन राहिलो’, ‘तो बोलून राहिला’ असली आपली माळव्याची मराठी ऐकून सुट्टीत आलेली पुण्याची भावंडं हसतात, हेही मुलांना लागतं. ते आपल्याला सहसा कळत नाही, कारण त्या हसण्यात आपणही सामील झालेलो असतो. पुण्याच्या आत्याचा मुलगा किती टक्क्यांवर आहे, त्याला कुठली कंपनी मिळाली, ही तुलना त्यावर आणखी.

आणि एक उलट बाजूही आहे. मराठीत आपल्या मुलांना ‘मी उदास आहे’ असं म्हणताच येत नाही, कारण घरात तसं कोणी म्हणताना त्यांनी ऐकलेलं नसतं. त्यांच्याकडे ‘बोर’, ‘टेन्शन’ आणि ‘मूड ऑफ’ एवढे तीनच शब्द आहेत आणि सगळं त्यातच बसवावं लागतं. आईने स्वयंपाक करता करता ‘आज ऑफिसात साहेब सगळ्यांसमोर बोलले, मला फार अपमान वाटला, अजून मन लागत नाहीये’ असं म्हटलं, तर मुलाला दोन गोष्टी मिळतात. एक शब्द मिळतो, आणि असं बोललं तर चालतं हे कळतं. आपल्या घरांतले बाबा हे करत नाहीत. बाबांना राग येतो हे मुलांना माहीत असतं. बाबांना वाईट वाटतं, भीती वाटते, हे त्यांना बाबा साठीचे होईपर्यंत कळत नाही.

मोबाइल आणि हात उगारणं

मोबाइलवर फार लिहिलं जातं, मी थोडक्यात सांगतो. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या सर्वेक्षणात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली मुलं ५७ टक्के होती, समाजमाध्यमं वापरलेली ७६ टक्के. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. या कायद्यांचा उपयोग होईल, पण रात्री अकरा वाजता देवासच्या एखाद्या घरात फोन कोणाच्या उशाशी आहे, हे दिल्लीत ठरत नाही. आणि जो नियम फक्त मुलांना लागू आहे, तो मुलं मानत नाहीत. जेवताना फोन नाही म्हणजे बाबांचाही नाही. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन दिवाणखान्यात म्हणजे आजोबांचाही. आजोबांच्या ‘शुभ सकाळ’ला थोडा उशीर होईल, तेवढं सोसावं.

दुसरी गोष्ट माराची. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या लोक शिक्षण संचालनालयाने सगळ्या जिल्ह्यांना त्याची पुन्हा आठवण करून दिली. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ मूल ज्याच्या ताब्यात किंवा सांभाळात आहे, त्यानेच मुलावर क्रूरता केली तर लागू होतं. आपल्या घरांत मात्र ‘आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं?’ हे वाक्य अजून चालतं. त्याला ‘श्यामची आई’चा आधारही दिला जातो. श्यामला पोहायला जायची भीती वाटते, तो लपून बसतो आणि आई त्याला मारते, हा प्रसंग सगळ्यांना आठवतो. त्यानंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून आईला काय वाटतं, ती त्याच्याशी काय बोलते, हा त्याच प्रसंगाचा मोठा भाग आहे आणि मारणाऱ्यांना नेमका तोच आठवत नाही. साने गुरुजींनी ते पुस्तक आईच्या छडीचं कौतुक करायला लिहिलेलं नाही. मार खाऊन मुलगा शिस्तीचा होतो असं दिसतं, कारण तो आपल्यासमोर गप्प होतो. नापास झाल्याचं, कोणीतरी त्रास देत असल्याचं, फोनवरून कोणीतरी धमकावत असल्याचंही मग तो आपल्याला सांगत नाही. त्या गप्प बसण्याची किंमत फार मोठी असू शकते.

शिस्त नको असं कोणी म्हणत नाही. नियम थोडे असावेत, आधी सांगितलेले असावेत आणि रोज तेच असावेत. आई ‘नाही’ म्हणते आणि आजी मागच्या दाराने ‘हो’ म्हणते, अशा घरात हट्ट वाढतो, कारण हट्ट उपयोगी पडतो हे मुलाने पाहिलेलं असतं. एकत्र कुटुंब हे आपलं मोठं बळ आहे; तिथे रागावणारं एक माणूस आणि जवळ घेणारं दुसरं माणूस असतं. मात्र मोठ्यांनी आपापसांतले मतभेद मुलाच्या पाठीवरून सोडवू नयेत.

एक वर्ष

‘वर्ष वाया जाईल’ ही भीती आपल्या समाजात इतकी खोल आहे, की तिच्याबद्दल देवासच्याच एका माणसाचं उदाहरण द्यावंसं वाटतं. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा बेळगावजवळच्या सुळेभावीचा मुलगा. १९२४ चा जन्म. लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवायचा, म्हणून कुमार गंधर्व ही पदवी मिळाली. पुढे मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे शिकला. ऐन उमेदीत क्षयाने गाठलं आणि कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये तो देवासला येऊन राहिला. गाणं बंद. वर्ष-दोन वर्षं नव्हे, सुमारे पाच वर्षं. ज्या वयात आपण मुलांना ‘आता मागे पडलास तर कायमचा पडलास’ असं सांगतो, त्या वयात हा माणूस देवासला अंथरुणावर पडून रस्त्यावरून जाणाऱ्यांची माळवी गाणी ऐकत होता. त्यानंतर त्याने जे गायलं, ते आधीच्या नक्कल करणाऱ्या अद्भुत मुलाचं गाणं राहिलं नव्हतं.

प्रत्येक आजारी किंवा नापास मूल कुमार गंधर्व होतं असा याचा अर्थ नाही; तशी अपेक्षा ठेवली तर तेही एक ओझंच होईल. पण अंथरुणावरच्या त्या पाच वर्षांत घरच्यांनी त्यांना सांभाळलं आणि श्वास पुन्हा गाण्याजोगा होईपर्यंत थांबणं झालं. आपण आपल्या मुलांना जूनपासून पुढच्या जूनपर्यंतही थांबू देत नाही. ड्रॉप घेतलेल्या मुलाला लग्नकार्यात ‘सध्या काय करतोस?’ असं विचारणारे आपणच, आणि तो लग्नकार्याला येईनासा झाला की ‘फार एकलकोंडा झालाय’ म्हणणारेही आपणच.

कुठे जायचं

जिल्हा रुग्णालयात ‘मनकक्ष’ असतो आणि तिथे विनामूल्य सल्ला मिळतो. औषधोपचाराची गरज पडली तर इंदूरला बाणगंगेचं शासकीय मानसिक रुग्णालय आहे, शिवाय खाजगी डॉक्टर आहेत. केंद्र सरकारची टेली मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य. हिंदीत बोलता येतं, मराठीतही. किशोरवयीन मुलांसाठी राज्याची ‘उमंग’ सेवा १४४२५ वर आहे. मूल संकटात असेल, घरात किंवा बाहेर त्याला कोणी त्रास देत असेल, तर १०९८. हे तीन क्रमांक फ्रिजवर लावावेत, आणि लावताना मुलाला ‘तुझ्यासाठी’ असं न म्हणता ‘आपल्या घरासाठी’ म्हणावं. आईलाही कधीतरी लागू शकतात.

देवासचे लोक मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला इंदूरला जातात, आणि इंदूरलाही ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून दुपारची वेळ घेतात. त्यांना दोष देता येत नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी हे कोणी उकरून काढेल ही भीती काल्पनिक नाही. उकरून काढणारे आपल्यातच आहेत. ती भीती एका लेखाने जाणार नाही. पण कोणाच्या मुलाचे उपचार चालू आहेत हे कळलं, तर ते आपल्यापाशीच ठेवणं एवढं तर प्रत्येकाला जमेल.

शेवटी आपल्या मंडळांबद्दल. दरवर्षी निकालानंतर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. नारळ, गुलाबपुष्प, प्रमाणपत्र आणि टक्केवारीसह नाव पुकारणं. अर्जावर ‘किमान ८५ टक्के’ किंवा तशीच काही अट असते. त्या सभागृहात मागच्या खुर्चीवर ६१ टक्क्यांचं भावंडही बसलेलं असतं, कारण घरात एकटं सोडायचं नाही म्हणून त्याला बरोबर आणलेलं असतं. सत्कार बंद करा असं मी म्हणत नाही. मेहनत केलेल्या मुलांना टाळ्या मिळाल्याच पाहिजेत. मात्र यंदा अर्ज छापताना टक्केवारीची अट काढता येईल. दहावी-बारावी दिलेल्या समाजातल्या सगळ्या मुलांना बोलावता येईल आणि नाव पुकारताना टक्क्यांऐवजी ‘पुढे काय शिकायची इच्छा आहे’ हे सांगता येईल. निकालाच्या आठवड्यात कुटुंबांच्या आणि मंडळांच्या व्हॉट्सअॅप गटांवर गुणपत्रिकांची छायाचित्रं टाकू नयेत, अशी विनंती गटप्रमुखांनी आधीच करता येईल. धार आणि देवास दोन्हीकडे आपल्या समाजात निवृत्त शिक्षक-शिक्षिका भरपूर आहेत. निकाल लागेल त्या संध्याकाळी त्यांच्यापैकी दोघे-तिघे मंडळाच्या खोलीत बसले आणि ज्यांच्या घरी फोन उचलला जात नाही त्यांच्याकडे चहाला गेले, तर त्याला ना खर्च आहे ना ठराव लागतो. दुसऱ्या परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, ‘रुक जाना नहीं’ची मुदत कधी संपते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. अर्जाचा नवा नमुना आणि या शिक्षकांच्या नावांची यादी एप्रिल संपायच्या आत तयार हवी, कारण निकाल मेच्या पहिल्या आठवड्यातही लागू शकतो.